पगारे मॅडमच्या पट्ट्या

पगारे मॅडम माणूस बघायच्या तो पायांपासून. चेहरा सगळ्यात शेवटी. सकाळी गाडी लावली की त्या थेट विभागात येत नसत. मेडिकल कॉलेजच्या गेटजवळ चहाची टपरी होती, तिथे ग्लास हातात धरून पंधरा-वीस मिनिटं उभ्या राहायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची चाल बघायच्या. कोण पाय घासत येतंय, चालताना कोणाचा एकच हात हलतोय, कोणाला वळायला चार-पाच पावलं लागतायत. पेशंट ओपीडीत येऊन स्टुलावर टेकायच्या आत त्यांचं निम्मं निदान झालेलं असे.

एकदा आमच्या संस्थेच्या एका विश्वस्तांचे मेहुणे पाहुणे म्हणून आले होते. पांढरेशुभ्र कपडे, मागे-पुढे चार माणसं. मॅडमनी त्यांना टपरीपाशीच अडवलं. "तुमचा डावा हात हलत नाही. कधीपासून?" गृहस्थ भडकले. तक्रार झाली, मॅडमना लेखी खुलासा मागितला गेला. मॅडमनी एका ओळीत दिला, की डावा हात अजूनही हलत नाही. सहा महिन्यांनी तेच गृहस्थ हात धरून ओपीडीत आले, तेव्हा मॅडमनी त्यांना आधी केसपेपर काढून रांगेत बसायला लावलं.

मी त्यांच्या विभागातला तंत्रज्ञ. मेंदूचे आलेख काढणं हे माझं मूळ काम. पण मॅडम मेंदूविकार विभागाच्या प्रमुख झाल्या आणि व्हिडिओ काढणं, स्टॉपवॉच दाबणं, पेशंटांना फोन करणं, असं सगळंच माझ्या गळ्यात पडलं. "खैरनार, लिहिलं का?" ही हाक दिवसातून पन्नास वेळा यायची. नुसतं बघितलेलं त्यांना चालत नसे. कागदावर नाही ते झालंच नाही, असा त्यांचा खाक्या.

उंचीने बेताच्या, कडक इस्त्रीची सुती साडी आणि खाली पुरुषांचे असतात तसले स्पोर्ट्स शूज. जेवण उभ्यानंच. नाशिकच्या सातपूर कामगार वसाहतीत वाढल्या. वडील एका कारखान्यात प्रेस मशिनवर होते. अभ्यास तीन पाळ्यांच्या भोंग्यांवर झाला आणि तो भोंगा त्यांच्या बोलण्यात कायमचा राहिला. कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या, पेशंटला गोळ्या घड्याळाच्या काट्यावर लागतात, तास इकडचा तिकडे झाला की अंग आखडतं. कोणी सांगितलं, "पाहुणे आले होते मॅडम, गोळी राहिली," की त्या म्हणायच्या, "भोंग्याला सांगता का पाहुणे आलेत म्हणून? भोंगा वाजला की माणूस आत. वेळ झाली की गोळी पोटात."

एका मोठ्या शहरातल्या परिषदेत एका ज्येष्ठ डॉक्टरांनी त्यांना चहाच्या वेळी, अगदी गोड आवाजात विचारलं होतं, "तुम्ही कशातून आलात?" विचारणाऱ्याच्या मनात काय होतं ते आसपासच्या सगळ्यांना कळलं होतं. मॅडम म्हणाल्या, "सातपूरच्या बसमधून. तुम्ही?" हा प्रसंग त्यांनी मला कधी सांगितला नाही. आमच्याकडच्या एका निवासी डॉक्टरनं सांगितला, आणि पुढे महिनाभर आम्ही एकमेकांना "कशातून आलात?" असं विचारून हसत होतो.

त्यांचा खरा राग एकाच वाक्यावर होता. "आता काही उपयोग नाही, वय झालं." पेशंट म्हणायचा, डॉक्टरांनी असं सांगितलंय. मॅडम लगेच विचारायच्या, "कोण म्हणालं? नाव सांगा." बिचारा पेशंट घाबरत नाव सांगायचा आणि मॅडम त्याच्यासमोर त्या डॉक्टरला फोन लावायच्या. "तुमचे पेशंट माझ्यासमोर बसलेत. उपयोग नाही हे तुम्हाला कशावरून कळलं, तेवढं सांगा. लिहून घेते." पलीकडचा माणूस जीव मुठीत धरून बोलायचा. जिल्ह्यातल्या निम्म्या डॉक्टरांनी त्यांच्याशी उभा दावा मांडला होता आणि त्याची त्यांना जराही फिकीर नव्हती.

या सगळ्यात आहेर नाना आले. देवळा तालुक्यातले, कांदा पिकवणारे, सत्तरीच्या उंबरठ्यावरचे. त्यांच्या कंपवाताची तऱ्हा अशी होती, की चालता चालता पाय जमिनीला चिकटायचे. माणूस जागच्या जागी खिळतो. मन म्हणतं चल, पाय ऐकत नाही. दार, कोपरा, अरुंद वाट ही त्याची खास ठिकाणं. नाना आमच्या ओपीडीच्या दारातच अडकले. मागे रांग, लोकांचा आरडाओरडा, बायको इंदूबाई त्यांना मागून रेटतेय.

"ढकलू नका!" मॅडम आतून ओरडल्या. उठल्या, नानांसमोर आल्या आणि आपला बूट त्यांच्या पावलापुढे आडवा ठेवला. "माझ्या पायावरून पाय टाका." नानांनी पाय उचलला आणि सहज आत आले.

इंदूबाई म्हणाल्या, "वावरात असं व्हत नाय ताई. वाफ्यांवरून पार बांधापोहोत जात्यात. घरातल्या दारातच पाय धरतंय."

पावलापुढे काही आडवं असलं की खिळलेला पाय उचलला जातो, हे पुस्तकात आहे. मॅडमनी ते कधीच आपला शोध म्हणून सांगितलं नाही. पण त्यांचं म्हणणं असं, की पुस्तकातला पेशंट गुळगुळीत फरशीवर चालतो. आमच्या पेशंटच्या घरी शेणानं सारवलेली जमीन आहे, उंबरा आहे, दारात चपलांचा ढीग आहे आणि बाजूला बांधलेली शेळी आहे. तिथे हा उपचार टिकतो का? इथून त्यांचं संशोधन सुरू झालं. सातपूरच्या एका वर्कशॉपमधून टाकाऊ मशिन-बेल्ट आणले. त्याच्या दोन बोटं रुंदीच्या रबरी पट्ट्या कापल्या, पिवळा रंग दिला. प्रत्येक पेशंटच्या पावलाच्या मापानं अंतर धरून त्या पट्ट्या त्याच्या घरात, खाटेपासून दारापर्यंत आणि दारापासून मोरीपर्यंत बसवायच्या. तीन महिने त्यावरून चालायचा सराव. इतर विभागांतले लोक त्यांना 'पट्टीवाल्या बाई' म्हणायला लागले. मॅडमनी मला दारावरच्या पाटीवर ते लिहून घ्यायला सांगितलं. मी चेष्टा समजलो. त्या चेष्टा करत नव्हत्या, मीच ते टाळलं.

तपासणी दोनदा व्हायची. एक पट्ट्या बसवण्याआधी, एक तीन महिन्यांनी. दोन्ही वेळा सकाळची गोळी न घेता यायचं, तपासणी झाली की मग घ्यायची. माणूस पट्ट्यांच्या सरावानं चालतो की गोळीनं, ते कळायला हवं म्हणून. पेशंट ओळखू येऊ नये यासाठी व्हिडिओ कमरेखालचाच. आणि मॅडम स्वतः खोलीत थांबत नसत. आपल्या डोळ्यांत आशा असते, ती आकड्यात उतरते, म्हणून खोलीत फक्त मी आणि पेशंट. व्हिडिओ बघून गुण देणारा डॉक्टर तिसऱ्याच गावात बसलेला.

आकडे आले ते डोळे दिपवणारे. पहिल्या वेळी दारात हलू न शकणारी माणसं दुसऱ्या वेळी भराभर चालत होती. अधिष्ठात्यांनी मॅडमना बोलावून पेढा दिला. तालुक्याच्या दवाखान्यांतून पट्ट्या द्यायच्या असा प्रस्ताव तयार झाला. मॅडमच्या निवृत्तीला दोन वर्षं होती, आणि त्याआधी हे काम मार्गी लागणार होतं. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत मी त्यांना एकदाच गुणगुणताना ऐकलं, ते त्या आठवड्यात.

मग माझा निष्काळजीपणा उघडा पडला. कॅमेऱ्याच्या स्टँडचा एक स्क्रू ढिला होता. नानांच्या दुसऱ्या तपासणीच्या दिवशी कॅमेरा वर झुकला आणि कमरेखालच्या ऐवजी खांद्यापर्यंतचं सगळं आलं. लेखासोबत पाठवायला नमुना म्हणून मॅडमनी तोच व्हिडिओ उघडला. मला शिव्या घालायला त्यांनी हाक मारली होती, पण बघता बघता त्या थांबल्या. नानांचा उजवा खांदा डोलत होता. हलके हलके, संथ. मॅडमनी तो तुकडा तीनदा बघितला.

"खैरनार, गोळी पोटात असल्याशिवाय खांदा असा डोलत नाही. हे औषधाचं डोलणं आहे."

मी टेबलावरच्या फाइली सारख्या करायला लागलो.

"तुम्हाला माहीत होतं?"

होय, मला माहीत होतं. सगळं नाही, पण त्या दिवशी बाहेरच्या बाकावर इंदूबाईंनी थर्मासमधला चहा ओतला आणि नानांच्या तळहातावर काहीतरी ठेवलं, ते मी दारातून बघितलं होतं. कसलीही गोळी असेल, रक्तदाबाची असेल, असं स्वतःला सांगून मी कॅमेरा चालू केला. खरं कारण असं, की मॅडमचं काम फत्ते व्हावं असं मलाही वाटत होतं. मी हे त्यांना तसंच सांगितलं. आयुष्यात मला इतकी लाज क्वचितच वाटली असेल.

"फोन लावा," मॅडम म्हणाल्या.

फोन इंदूबाईंनी उचलला. मॅडमनी विचारलं, त्या दिवशी गोळी कोणी कोणी घेतली? इंदूबाई आधी चाचरल्या, मग गावाकडच्या बोलीत घाईघाईनं म्हणाल्या, "बठ्ठास्नी लिधी, ताई." सगळ्यांनी घेतली. मग नानांनी फोन हिसकावला. "तिला बोलू नका, मॅडम. मीच सांगितलं बाकावरच्या सगळ्यांना. मॅडमचा रिझल्ट लागायचा हाय, आपल्यापायी त्यांची मान खाली नाय गेली पायजे. अर्धी अर्धी गोळी घ्या म्हनलं. पहिल्या वेळेला नव्हती घेतली, शप्पथ. तवा तुमची वळख नव्हती."

पहिल्या वेळी ओळख नव्हती, म्हणून ती तपासणी खरी. तीन महिन्यांत मॅडम त्यांच्या घरी गेल्या, त्यांच्या ओट्यावर बसून भाकरी खाल्ली, मोरीपर्यंत पट्ट्या बसवल्या. मग ही माणसं आपल्या बाईला पास करायला आली होती. पाहुण्याला कमी पडू द्यायचं नाही, त्यातलाच हा प्रकार. मॅडमनी फोन ठेवला. "काय करू मी या माणसांचं, खैरनार?" असं म्हणून त्यांनी टेबलावर हात आपटला, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

पुढचे चार दिवस मी एकेका पेशंटला फोन करत होतो. विंचूरच्या मावशींनी कबूल केलं, सातपूरच्या दोघांनी केलं. काहींनी नाही म्हटलं, पण त्या नाहीत दम नव्हता. मॅडमनी सगळी यादी घेतली आणि अधिष्ठात्यांकडे गेल्या. फाइली धरायला मी सोबत होतो.

अधिष्ठाते तसे भले गृहस्थ. म्हणाले, "अहो, ज्यांनी कबूल केलं तेवढी नावं काढून टाका आणि पाठवा."

"उरलेल्यांनी घेतली नाही कशावरून?"

"पण पट्ट्यांचा फायदा थोडा तरी झालाच असेल ना?"

"असेल. मग काय लिहू, 'असेल' असं लिहू?"

"मॅडम, हे बाहेर गेलं तर संशोधनाचा निधी बंद होईल. पुन्हा कोणी देणार नाही. दोन वर्षांत निवृत्त होताय, नाव जाईल तुमचं."

"नाव माझं आहे. जाऊ द्या कुठं जातंय ते."

त्याच संध्याकाळी त्यांनी निधी देणाऱ्यांना स्वतः पत्र लिहिलं. चूक पेशंटांची आहे असं त्यात एका शब्दानं नव्हतं. 'माझ्या पद्धतीत माणसाच्या मायेचा विचार नव्हता,' असं लिहिलं होतं. मी टाइप करताना म्हणालो, मॅडम, हे वाक्य शास्त्रीय वाटत नाही. त्या म्हणाल्या, "यापेक्षा शास्त्रीय वाक्य मी गेल्या तीन वर्षांत लिहिलेलं नाही." निधी बंद झाला. तालुक्यांचा प्रस्ताव कपाटात गेला. पट्टीवाल्या बाईंची पट्टी सुटली, असं कँटीनमध्ये कोणीतरी मोठ्यानं म्हणालं. मॅडमनी ताट उचललं, त्या माणसाच्या टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि उभ्यानंच सगळं जेवल्या. तो काही जेवू शकला नाही.

आणि मग त्यांनी सगळं पहिल्यापासून सुरू केलं. रीतसर परवानगी घेतली, पट्ट्या महिनाभर उचलायला लावल्या, पुन्हा मोजलं, पुन्हा बसवल्या, पुन्हा तीन महिने. या वेळी तपासणी दवाखान्यात नाही, पेशंटच्या घरी. सकाळच्या पहिल्या गोळीच्या आधी, माणूस खाटेवरून उठायच्या वेळी. दर रविवारी पहाटे मॅडमची जुनी गाडी माझ्या दारात. माझी रजा, माझा रविवार, त्याबद्दल त्यांनी मला कधी विचारलं नाही. आणि थर्मासचा चहा बघून गप्प बसलेल्या माणसानं तक्रार करायची तरी कोणत्या तोंडानं!

नानांकडे मात्र गाडी अडली. आम्ही पोचलो तेव्हा नाना खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. रात्रीनंतर गोळी नाही, अंग लाकडासारखं झालेलं, तोंडातून लाळ. कॅमेरा बघून त्यांनी नकार दिला.

"अशा हालतीत नाय, मॅडम. गोळी घेऊ द्या, आंघोळ करू द्या, मंग काढा फोटू."

"गोळीनंतरचे नाना मी बघितलेत."

"तुमच्यापुढं असं..." नानांनी डोळे मिटले. इंदूबाई पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. या बाईनं आजवर हे रूप कोणाला दिसू दिलं नव्हतं. सुना, नातवंडंसुद्धा सकाळी त्या खोलीत येत नसत.

मॅडम खाटेच्या कडेला बसल्या. आवाज चढलेलाच होता, पण चिडलेला नव्हता. "नाना, तुम्ही मला जिंकून द्यायला निघाला होता. मला नकोय ते. या घरात रोज सकाळी काय होतं ते जगात कोणी बघितलेलं नाही. म्हणून तर म्हणतात, वय झालं, उपयोग नाही. मला हे दाखवायचंय. तुम्ही पडलात तर पडलेलं दाखवीन. हरलो तर दोघं मिळून हरू. पण खोटं जिंकायचं नाही."

नानांनी मोठ्या कष्टानं भिंतीकडचं तोंड आमच्याकडे वळवलं. मग म्हणाले, "बगा मंग." मॅडम उठून बाहेर ओट्यावर गेल्या आणि दाराकडे पाठ करून बसल्या. मी स्क्रू आवळला आणि कॅमेरा चालू केला.

आकडे आले ते आधीच्या निम्म्यानेही नव्हते. पट्ट्या दारात आणि मोरीकडच्या वळणावर उपयोगी पडतात, मोकळ्या अंगणात फारशा नाही, आणि आजार फार पुढे गेलेला असेल तर जवळजवळ नाहीच. मॅडमनी तसंच लिहिलं. पहिल्या फसलेल्या तपासणीची हकिगतही त्यात घातली. एका मासिकानं लेख परत पाठवला, दुसऱ्यानं पाठवला. मॅडमनी तिसऱ्याला पाठवला. त्या वर्षी मेंदूविकारतज्ज्ञांची परिषद नाशिकलाच होती. तिथे त्यांना बोलायला जेमतेम दहा मिनिटं मिळाली, तीही जेवणाच्या सुट्टीआधीची.

नंतर त्या निवृत्त झाल्या, आमची फोनाफोनी होत राहिली. पण मॅडम म्हटलं की मला त्या परिषदेतल्याच दिसतात. हॉलमध्ये अंधार, मी मागे लॅपटॉपवर. मॅडमनी आकडे पटापट सांगितले आणि व्हिडिओ लावायला सांगितला. नाना खाटेवरून उठतात, कमरेखालचेच दिसतात. एक पट्टी ओलांडतात, दुसरी, तिसरी. दारापाशी येतात आणि थांबतात.

पाय हलत नाही. नुसती टाच थरथरते. अर्धा मिनिट झालं, एक झालं. पडद्यावर काहीच घडत नव्हतं. लोक खुर्च्यांत चुळबुळ करायला लागले, पुढे कोणी खोकलं. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, थोडं पुढे घ्या की."

"नाही. पुढे घेणार नाही."

"अहो, वेळ संपलीय."

"तुमची संपली. त्यांची चालू आहे."

माझा हात बटणावर होता. मॅडमनी अंधारातून माझ्याकडे नुसतं बघितलं आणि मी हात काढून घेतला. घंटा वाजली, पुन्हा वाजली. हॉलमध्ये इतके मोठे डॉक्टर बसले होते, त्यातल्या कित्येकांनी या आजारावर पुस्तकं लिहिली असतील. पण कंपवाताच्या माणसाची सकाळ एवढा वेळ सलग त्यांनी कधी बघितली नसावी. हळूहळू चुळबुळ थांबली. मग खोकलाही थांबला. पडद्यावर फक्त एक सुजलेलं, भेगाळलेलं पाऊल आणि त्याच्यापुढे एक पिवळी पट्टी.

मॅडम पडद्याकडे बघतच नव्हत्या. पडद्याला पाठ करून, स्पोर्ट्स शूजमधले दोन्ही पाय घट्ट रोवून त्या हॉलकडे बघत उभ्या होत्या. पाऊल उचललं गेलं ते त्यांना पडद्यावर नाही, समोरच्या तोंडांवर दिसलं. पहिल्या रांगेतले एक म्हातारे डॉक्टर खुर्चीत पुढे सरकले आणि त्यांच्या तोंडून नकळत "हां!" असं निघून गेलं. नानांचं पाऊल पट्टीवरून पलीकडे पडलं, मागोमाग दुसरं, आणि ते अंगणातल्या उन्हात गेले.

मी दिवे लावले.

"आता विचारा," मॅडम म्हणाल्या.